सहा आठवड्यांचे प्लॅस्टर आणि चाळीस टक्क्यांचा दाखला

३ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'गुलशन कुमार विरुद्ध बँकिंग कार्मिक निवड संस्था' या खटल्यात एक महत्त्वाचा निर्णय दिला. हाताच्या स्नायूंवर ताबा न राहण्याच्या विकारामुळे ज्यास लेखन करणे कठीण जाते, परंतु ज्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून कमी भरते, अशा परीक्षार्थीस लेखनिक आणि वाढीव वेळ नाकारता येणार नाही, असे न्या. पारडीवाला व न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. चाळीस टक्क्यांची अट दिव्यांगांमध्येच दोन वर्ग पाडते आणि परीक्षेच्या सोयींपुरता तरी हा भेद टिकणारा नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. त्याचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते रास्तच होते.

परंतु या निर्णयाच्या उजेडात एक कोपरा अजूनही अंधारात राहिला आहे. ज्या विद्यार्थ्याचा उजवा हात परीक्षेच्या दहा दिवस आधी मोडला, जी विद्यार्थिनी क्षयरोगाच्या औषधोपचारांच्या दुसऱ्या महिन्यात आहे, चिकनगुनिया होऊन गेल्यावर ज्याच्या बोटांचे सांधे सकाळी पेन धरू देत नाहीत, ज्याच्यावर ऐन सत्रात शस्त्रक्रिया झाली आहे, अशांचे काय? हे विद्यार्थी दिव्यांग नाहीत. सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी ते पूर्ववत होतील. मात्र परीक्षा त्या सहा आठवड्यांतच आहे. प्रस्तुत लेखात या विद्यार्थ्यांकडे आपला कायदा आणि आपली विद्यापीठे कोणत्या दृष्टीने पाहतात, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची भाषा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे केवळ सात प्रकार होते. नव्या कायद्याने ते एकवीस केले. याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शिक्षणसंस्थांच्या परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करावेत, वाढीव वेळ द्यावा, लेखनिक द्यावा, असे बजावले आहे. त्या दृष्टीने हा कायदा निश्चितच पुढचे पाऊल होय. पण दिव्यांग व्यक्ती म्हणजे कोण, हे सांगणाऱ्या व्याख्येतच 'दीर्घकालीन' हा शब्द बसलेला आहे. शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनाविषयक वैगुण्य दीर्घकालीन असावे लागते. दीर्घकालीन म्हणजे किती महिने, किती वर्षे, हे मात्र कायद्यात कोठेही सांगितलेले नाही.

हा शब्द आला कोठून? संयुक्त राष्ट्रसंघाच्या दिव्यांग हक्कविषयक करारातून. डिसेंबर २००६ मध्ये हा करार स्वीकारला गेला आणि भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. येथे एक बारीक पण मोलाचा फरक आहे. करार म्हणतो की दिव्यांग व्यक्तींमध्ये दीर्घकालीन वैगुण्य असलेल्यांचा 'समावेश होतो'. म्हणजे यादी तेथेच संपते असे तो म्हणत नाही. दार किंचित उघडे ठेवतो. आपल्या कायद्याने मात्र दिव्यांग व्यक्ती 'म्हणजे' दीर्घकालीन वैगुण्य असलेली व्यक्ती, असे लिहून ते दार ओढून घेतले. एका क्रियापदाने किती माणसे बाहेर राहतात, हे परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळते.

चाळीस टक्क्यांची अट हा या वादाचा दुसरा पदर. कायद्यात 'लक्षणीय दिव्यांगत्व' अशी वेगळी संज्ञा आहे आणि ती चाळीस टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना लागू होते. नोकरीतील आणि उच्च शिक्षणातील आरक्षण या वर्गापुरते आहे. पण शासनाने २०१८ मध्ये लेखनिकाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तीदेखील याच वर्गापुरती ठेवली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. चंद्रचूड यांच्या पीठाने 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या खटल्यात ही गल्लत दुरुस्त केली. आरक्षण निराळे आणि परीक्षेत बसता यावे म्हणून केलेली यथोचित सोय निराळी. दुसरीसाठी चाळीस टक्क्यांचे माप लावता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीस टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे निघाली आणि त्यांतील उणिवांवर २०२५ च्या निर्णयाने बोट ठेवले.

या दोन्ही निर्णयांतून एक विचार पुढे येतो आणि तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. सोय ही टक्क्यांना द्यावयाची नसते, ती अडचणीला द्यावयाची असते. प्रत्येक व्यक्तीची अडचण कोणती, हे तिच्याशी बोलून, तिची परिस्थिती पाहून ठरवावे, असा न्यायालयाचा आग्रह आहे. हाच विचार एक पाऊल पुढे नेला तर टक्केवारीप्रमाणेच कालावधीचे मापही परीक्षेच्या दालनात गैरलागू ठरते. उत्तरपत्रिका समोर आली की हात लिहू शकतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो. तो हात पुढल्या महिन्यात लिहू लागणार आहे, याचा त्या तीन तासांत उपयोग नाही. दोन्ही खटल्यांतील परीक्षार्थींचा विकार दीर्घकालीन होता. त्यामुळे तात्पुरत्या दुखण्याचा प्रश्न न्यायालयासमोर तेथे आलाच नाही, आणि व्याख्येतला तो शब्द आपल्या जागी राहिला.

कोणी म्हणेल, मग अशा विद्यार्थ्याने तात्पुरता दाखला काढून घ्यावा. नियमांत तशी सोय आहेही. दिव्यांगत्वाचे प्रमाण पुढे बदलण्याची शक्यता असल्यास ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देता येते. पण मनगटाचे हाड मोडल्यास प्लॅस्टर साधारणतः सहा आठवडे राहते. प्रमाणपत्राच्या अर्जावर निर्णय देण्यासाठी २०१७ च्या नियमांत एक महिन्याची मुदत होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली. म्हणजे दाखला हाती येईपर्यंत प्लॅस्टर निघालेले असणार, निकालही लागलेला असणार. शिवाय मोडलेला हात हा एकवीस प्रकारांपैकी कोणता, हे कोणत्या डॉक्टरांनी ठरवावे? ही वाट या विद्यार्थ्यांसाठी मुळी आखलेलीच नाही.

आपल्या भागात या प्रश्नाला ऋतूचाही संबंध आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जून ते ऑक्टोबर हे डेंग्यू, चिकनगुनिया, लेप्टो, कावीळ आणि विषमज्वराचे महिने. विद्यापीठाच्या पहिल्या सत्राच्या परीक्षा त्यापाठोपाठ, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतात. म्हणजे ज्या महिन्यांत तरुण मुले सर्वाधिक आजारी पडतात, त्याच महिन्यांत अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, प्रात्यक्षिके आणि शेवटी लेखी परीक्षा असा सारा भार असतो. सत्रात अध्यापनाचे दिवस सुमारे नव्वद. त्यांत पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. कावीळ झालेल्या मुलाला डॉक्टर महिनाभर विश्रांती सांगतात आणि त्या एका महिन्यात त्याच्या हजेरीचे गणित कोलमडते.

क्षयरोगाची गोष्ट याहून अवघड आहे. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे एका पूर्ण सत्राहून अधिक. औषधांनी होणारी मळमळ, थकवा, वजन घटणे हे सारे सांभाळत त्या मुलीला विरारहून सकाळची लोकल पकडून महाविद्यालय गाठायचे असते. क्षयरोग एकवीस प्रकारांच्या यादीत नाही. सहा महिन्यांत बरा होणारा आजार यादीत नसावा, हे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच आहे. पण दुखणे जाहीर केले तर वर्गातील मुले दूर बसतील आणि जाहीर केले नाही तर सवलत कोणत्या कारणाने मागायची, अशा कात्रीत ती सापडते. कित्येकदा अशा मुली सत्र सोडून देतात आणि कारण म्हणून 'घरगुती अडचण' असे लिहितात. मनाच्या आजारांचेही तसेच. घरातील मृत्यूनंतर किंवा एखाद्या आघातानंतर काही महिने मन थाऱ्यावर नसणे हे डॉक्टरांना ठाऊक असते, महाविद्यालयाच्या अर्जाच्या नमुन्यात मात्र त्यासाठी रकाना नसतो.

मग प्रत्यक्षात काय घडते? बहुतेक ठिकाणी काहीतरी सोय होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्राचार्य समंजस असतात, परीक्षा विभागातील कर्मचारी ओळखीचे असतात, वडील हातापाया पडतात आणि लेखनिकाची परवानगी मिळते. कोणी तळमजल्यावर बसण्याची सोय करून देतो, कोणी फक्त प्राध्यापकांसाठी असलेल्या लिफ्टची किल्ली आणून देतो. ही माणुसकी खरीच आहे आणि तिची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ती माणसागणिक बदलते. एका महाविद्यालयात डाव्या हाताने लिहिण्यासाठी वाढीव वेळ मिळतो, तर शेजारच्या महाविद्यालयात 'नियमात बसत नाही, पुढल्या सत्राला बसा' असे उत्तर मिळते. ज्याचे वडील इंग्रजीत अर्ज लिहू शकतात आणि दोनदा रजा काढून चौकशी करू शकतात त्याची सोय होते. ज्याची आई पहाटे भाजीची टोपली घेऊन मुंबई गाठते त्याच्यासाठी चौकशी कोण करणार? जेथे नियम लिहिलेला नसतो, तेथे ओळख हाच नियम होतो.

'पुढल्या सत्राला बसा' हे उत्तर ऐकायला सौम्य वाटते. त्याचे परिणाम तसे नाहीत. गुणपत्रिकेवर गैरहजर किंवा अनुत्तीर्ण असा शेरा येतो, विषय एटीकेटीत जातो, पुढच्या सत्राच्या विषयांबरोबर मागचेही घ्यावे लागतात. महाविद्यालयात नोकरभरतीसाठी येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांना मुलाखतीलाच बोलावत नाहीत. शासकीय शिष्यवृत्तीचे नूतनीकरण वर्ष उत्तीर्ण होण्याशी जोडलेले असते. घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाचे असे एक वर्ष गेले की घरातून सूचना येते, 'आता कुठेतरी कामाला लाग'. मोडलेले हाड सहा आठवड्यांत जुळते, पण त्या मुलाचे शिक्षण तेथेच थांबू शकते.

गेलेला वेळ परत मिळणे किती दुरापास्त असते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्याच दप्तरी आहे. सप्टेंबर २०२१ च्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत लेखनअक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा एक तास वाढीव वेळ नाकारण्यात आला आणि उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला अन्याय दूर करण्याचे उपाय शोधण्यास सांगितले. पण तिची परीक्षा पुन्हा घ्या, असा आदेश दिला नाही. लाखो परीक्षार्थी असलेल्या परीक्षेत ते शक्य मानले गेले नाही. तिच्या बाजूने कायदा होता, तरी हे घडले. ज्यांच्या बाजूने कायदाच नाही, त्यांची स्थिती काय असेल?

यातील विसंगती अशी की शालेय पातळीवर हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांत दिव्यांग परीक्षार्थींबरोबरच अचानक आजारी पडून लिहिण्यास असमर्थ झालेल्या परीक्षार्थींसाठीही लेखनिकाची तरतूद आहे. शासकीय सहायक शल्यचिकित्सकाच्या दर्जाच्या डॉक्टरांचा दाखला पुरतो. आपल्या राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांतही ऐन वेळी अपघात झालेल्या विद्यार्थ्याला विभागीय मंडळाच्या परवानगीने लेखनिक मिळतो, हे पालकांना ठाऊक आहे. मार्चमध्ये बारावीला बसलेल्या मुलाला जे मिळाले, तेच सात महिन्यांनी प्रथम वर्षाच्या परीक्षेत मागितले तर त्याला नियम दाखवा म्हणतात. शाळकरी मुलाचा मोडलेला हात आणि पदवीच्या विद्यार्थ्याचा मोडलेला हात यांत फरक तो कोणता?

आपली अनेक मुले उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात, तेव्हा तेथील व्यवस्थेकडेही पाहू. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्याने दीर्घकालीन म्हणजे किती, हे स्पष्ट सांगितले आहे: बारा महिने टिकलेले किंवा टिकण्याची शक्यता असलेले वैगुण्य. कर्करोगासारखे काही आजार निदानाच्या दिवसापासूनच दिव्यांगत्व मानले जातात. बाकी तात्पुरती दुखणी या कायद्याबाहेर राहतात. परंतु तेथील विद्यापीठांनी त्यासाठी दुसरी खिडकी उघडलेली आहे. अनपेक्षित अडचणीच्या परिस्थितीत सापडलेला विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत अर्ज करतो, एक समिती तो पाहते, आणि अर्ज मान्य झाल्यास पुढील परीक्षा त्याचा पहिलाच प्रयत्न धरली जाते. फेरपरीक्षार्थीच्या गुणांवर जी मर्यादा असते ती त्याला लागत नाही. 'पहिलाच प्रयत्न' या दोन शब्दांत किती न्याय आहे, हे आपल्याकडील एटीकेटीच्या विद्यार्थ्यास विचारावे. निर्णयाने समाधान न झाल्यास इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यापीठाबाहेरील स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडेही जाता येते.

अमेरिकेचा प्रवास वेगळा आणि अधिक उद्बोधक आहे. तेथील दिव्यांग कायदा १९९० चा. २००२ मध्ये टोयोटा कंपनीच्या एका कामगार स्त्रीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वैगुण्याचा परिणाम कायमस्वरूपी किंवा दीर्घकालीन असावा, असा संकुचित अर्थ लावला. त्यावर टीका झाली आणि २००८ मध्ये तेथील संसदेने कायदा दुरुस्त करून व्याख्या रुंद केली. पुढे कामावर जाताना आगगाडीतून उतरताना पडून दोन्ही पाय जायबंदी झालेल्या एका कर्मचाऱ्याचा खटला उभा राहिला. तो काही महिन्यांत बरा होणार होता, म्हणून खालच्या न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. जानेवारी २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला: दुखापत पुरेशी गंभीर असेल तर ती तात्पुरती आहे एवढ्यावरून दिव्यांगत्व नाकारता येत नाही. खटला नोकरीचा होता, पण कायद्याची व्याख्या महाविद्यालयांनाही तीच. म्हणून कालावधीकडून तीव्रतेकडे वळणे कायद्याला अशक्य नाही, हे त्यावरून दिसते.

आणि तसे वळण आपल्याकडे मुळीच आले नाही असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी संशोधक विद्यार्थिनींना २४० दिवसांची प्रसूती रजा दिली. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने विद्यापीठांना पत्र पाठवून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही हजेरी, परीक्षा अर्जाची मुदत इत्यादींत सवलत देणारे नियम करण्यास सांगितले. गर्भारपण हे दिव्यांगत्व नव्हे, आजारही नव्हे. पण काही महिने शरीर वेगळी मागणी करते, हे आयोगाने मान्य केले. एवढेच कशाला, मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील दिव्यांगांच्या डब्यात गर्भवती स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण यांना प्रवास करता येतो. रेल्वेला जे उमगले ते विद्यापीठांना उमगणे फार कठीण नसावे.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप खोट्या दाखल्यांचा. पन्नास रुपयांत आजारपणाचा दाखला मिळतो असे महाविद्यालयाचे कर्मचारी उघडपणे म्हणतात, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ताप येणाऱ्यांची संख्या का वाढते हे त्यांना चांगलेच ठाऊक असते. ज्या मुलाने खोटा दाखला दिला, त्याने खऱ्या आजारी मुलाची वाट बंद केली, हे आपल्या घरांतूनही बोलले गेले पाहिजे. पण यावर उपाय आहे. दाखल्यात केवळ रोगाचे नाव न मागता विद्यार्थी कोणती क्रिया करू शकत नाही आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे मागावे. 'अशक्तपणा, विश्रांती आवश्यक' असा दाखला कोणीही लिहील. 'उजव्या मनगटाचा अस्थिभंग, अमुक तारखेपर्यंत लेखन अशक्य' असे लिहिताना डॉक्टरांचाही हात विचार करून चालतो. क्ष-किरण चित्र, रुग्णालयाची कागदपत्रे सहज पडताळता येतात. अशा दाखल्याचा आणखी एक लाभ आहे: क्षयरोगी मुलीला आपल्या रोगाचे नाव चार टेबलांवर फिरवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो दिव्यांगांच्या चळवळीतून येतो. आयुष्यभर ज्यांनी अडथळ्यांशी झुंज दिली, त्यांच्या तोकड्या सोयींत आता तात्पुरत्या दुखण्यांना वाटा द्यायचा काय? ही भीती अनाठायी नाही. आरक्षण, निवृत्तिवेतन, उपकरणांसाठीचे साहाय्य यांवर सहा आठवड्यांच्या प्लॅस्टरचा काडीचाही हक्क नाही आणि तो असूही नये. म्हणूनच २०१६ च्या कायद्याची व्याख्या सैल करण्यापेक्षा विद्यापीठांनी परीक्षा आणि हजेरीपुरता स्वतंत्र नियम करणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. लेखनिक, वाढीव वेळ, तळमजल्यावरील बैठक, अंतर्गत चाचणी पुन्हा देण्याची संधी, यांत कोणाच्या वाट्याचे कोणी हिरावून घेत नाही. उलट एखाद्या महाविद्यालयात लेखनिकांची तयार यादी झाली, तर तिचा सर्वाधिक लाभ दृष्टिहीन विद्यार्थ्यांनाच होईल. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी जे साधन केंद्र सुरू झाले, तशी व्यवस्था ज्या महाविद्यालयांत उभी आहे तेथे तात्पुरत्या दुखण्याच्या विद्यार्थ्यासाठी दोन खुर्च्या अधिक मांडणे अवघड नाही.

यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील कित्येक महाविद्यालये आता स्वायत्त आहेत. आपल्या परीक्षांचे नियम ती स्वतः करतात. अभ्यासमंडळांच्या बैठकीत श्रेयांकांवर तासन्‌तास चर्चा होते, त्यांतला अर्धा तास यासाठी काढता येईल. नव्या शैक्षणिक धोरणातील श्रेयांक पेढीची योजना २०२१ पासून आलेली आहे. विद्यार्थ्याने कमावलेले श्रेयांक जपून ठेवता येतात आणि खंड पडल्यास पुढे जोडता येतात, हे तिचे तत्त्व. कागदावर ही योजना आजारी विद्यार्थ्याच्या मोठ्या कामाची आहे, पण बहुतेक ठिकाणी ती अन्य संस्थेत बदली घेण्यापुरतीच समजली गेली आहे.

नियम होईपर्यंत पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे, याविषयी चार गोष्टी सांगणे आवश्यक आहे. दुखापत होताच, परीक्षेची वाट न पाहता, प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबून ऐन परीक्षेच्या सकाळी धावाधाव होते, असा अनेकांचा अनुभव आहे. डॉक्टरांकडून वर सांगितल्याप्रमाणे तारखांसह दाखला घ्यावा, शक्यतो शासकीय रुग्णालयाचा. हव्या त्या सोयीचा नेमका उल्लेख करावा: लेखनिक हवा, की केवळ वाढीव वेळ, की तळमजला. दिव्यांगांना तासामागे वीस मिनिटे वाढीव मिळतात, ते प्रमाण अर्जात आधार म्हणून देता येईल. लेखनिक सामान्यतः परीक्षार्थीहून कमी इयत्तेचा लागतो आणि तो शोधणे हेच खरे कष्टाचे काम असते. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळांनी अशा तयारीच्या विद्यार्थ्यांची नावे एका वहीत लिहून ठेवली, तर अडलेल्या कुटुंबाची रात्रभराची धावपळ वाचेल.

अर्ज नाकारला गेला तर नकार लेखी मागावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो, आणि त्यानेही समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. त्यांना त्यासाठी तीस दिवस आहेत. हे दिवस मोजून पाहिले तर दुखापतीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज का द्यावा, हे ध्यानी येईल.